कृषी सेवा केंद्र चालकांना एका गिऱ्हाइकाचं खुलं पत्र

प्रति,
विदर्भ-मराठवाड्यातील सर्व कृषी सेवा केंद्रांचे चालक, त्यांच्या दुकानात बसणारे भाऊ-पुतणे-दिवाणजी, आणि तालुका-जिल्हा विक्रेता संघटनांचे पदाधिकारी यांस,

विषय : दुकानात येणाऱ्या पुरुष गिऱ्हाइकांची झोप

नमस्कार.

विषय वाचून कुणी हसलं असेल तर माझी हरकत नाही. तुमच्याकडे पत्रं येतात ती बोगस बियाण्याची तक्रार घेऊन, नाहीतर कंपनीच्या थकबाकीची आठवण करून द्यायला. गिऱ्हाइकाच्या झोपेबद्दल आजवर कुणी लिहिलं नसेल. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, मधे तुरीचं तास, एवढाच पसारा. तुमच्यापैकी एकाच्या वहीत माझं पान वर्षानुवर्षं उघडं आहे, इतकं की आता त्याची लाजही वाटत नाही.

सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या भागातला पुरुष मनानं आजारी पडला तर डॉक्टरकडे जात नाही. बायकोला सांगत नाही. भावाशी वाटणी झाल्यापासून बोलणं नसतं. पण तुमच्याकडे येतो. जूनपासून दिवाळीपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी येतो, स्टुलावर बसतो, तुम्ही मागवलेला चहा पितो. त्याचं पीक कोणत्या अवस्थेत आहे, किती फवारे झाले, सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं की नाही, लेकीचं कुठं जमतंय, पोरगा पुण्याला काय करतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याला एवढं ठाऊक नसतं. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

सरकारनं काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. २०१५ पासून आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात, ज्याचं ठीक दिसत नाही त्याचं नाव वर कळवतात. बाई बिचारी इमानेइतबारे काम करते. पण ती येते सकाळी अकराला. त्या वेळी पुरुष वावरात असतो, उत्तरं बायको देते, आणि दारात उभ्या बाईला कुठली बायको सांगेल की आमचा माणूस रात्री ओसरीत बसून रडतो? समजा पुरुष घरी सापडला, तरी गावातल्या सुनेसमोर तो तोंड उघडणार नाही. 'बरं आहे ना काका?' 'बरंच आहे.' झाला फॉर्म भरून.

आकडे एकदा सांगून टाकतो, पुन्हा सांगणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यात पुरुष १,२२,७२४, म्हणजे दर दहांत सात. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. स्वतःची किंवा मक्त्याची शेती करणाऱ्यांचा तक्ता वेगळा आहे. त्यात ५,२०७ जणांपैकी ४,९९९ पुरुष. (बायांचा आकडा इतका कमी दिसतो त्यावर माझा भरवसा नाही. सातबारा नावावर नसला की राबणारी बाई नोंदीत 'गृहिणी' होते. त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि ते तुम्हाला नसेल.)

हे सगळे पुरुष एका संध्याकाळीत तिथवर पोचले नसणार. त्याआधी कित्येक महिने ते आजारी असतात आणि आजारी दिसत नाहीत. आमच्यातला माणूस मनानं खचला की आधी चिडका होतो. बैलावर हात उगारतो, पोराच्या अंगावर धावून जातो, जेवणाचं ताट सरकवतो. मग अंग बोलायला लागतं. गॅस धरतो, पाठ भरून येते, छातीत धडधडतं, डोकं जड राहतं. गावातल्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घेतो, दोन दिवस तरतरी वाटते, पुन्हा तेच. दारू सणावाराची असेल तर रोजची होते, आणि विचारलं तर 'त्याशिवाय डोळा लागत नाही' म्हणतो. त्यात आमच्याकडे थ्री फेज लाईट कित्येक दिवस रात्रीची असते. मोटर चालू करायला पुरुष रात्री बाराला बॅटरी घेऊन वावरात जातो. त्यामुळे तो रात्र-रात्र जागा आहे हे घरात कुणाला खटकतच नाही. महावितरणनं आमचा आजार झाकायची चांगली सोय केली आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं निघालं, की नैराश्य असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी लोकांना उपचार मिळतच नव्हते. मी त्या पंच्याऐंशींतला होतो. पंधरांत गेलो तो एका दुकानदारामुळे. त्याचं नाव लिहीत नाही, त्यानं तसं बजावलं आहे.

गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली ते २०१७ चं साल तुम्हाला आठवत असेलच. त्याच्या पुढच्या हंगामाची गोष्ट. पेरणीच्या तोंडावर सोयाबीनच्या थैल्या घ्यायला गेलो होतो. एरवी मी थैली उलटीपालटी करणार, लॉट नंबर बघणार, उगवणशक्तीचा टक्का वाचणार, दुसऱ्या दुकानातला भाव ऐकवणार आणि बिलाची बेरीज स्वतः करणार. त्या दिवशी त्यानं काढल्या त्या थैल्या घेतल्या आणि वहीवर सही केली. त्यानं बिल काही माझ्या हातात दिलं नाही. म्हणाला, "भाऊ, बसा थोडं." गर्दी ओसरेपर्यंत तसाच बसवून ठेवला. मग पंखा माझ्याकडे वळवत विचारलं, "झोप लागते का?"

मी म्हटलं, "पेरणीच्या दिवसांत कोणाला लागते?"

त्यावर त्यानं गल्ल्याखालचा कप्पा उघडला, गोळ्यांची एक पट्टी काढली आणि काउंटरवर ठेवली. निम्मी संपलेली. म्हणाला, "ही माझी. मनाची आहे, बीपीची नाही."

आता हा माणूस कसा, तर माझ्या दीडपट, आवाज असा की चौकात ऐकू यावा, पोळ्याला तोरणाखाली पुढची जोडी त्याची. त्यानं मला समजावायला सुरुवात केली असती तर मी थैल्या उचलून निघालो असतो. ती पट्टी पाहून बसून राहिलो. घरी काय चाललंय ते पहिल्यांदा त्याला सांगितलं, आणि तेही धड नाही, अर्धं-मुर्धं. ऐकून घेतलं त्यानं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना 'अर्ध्या तासानं या' म्हणाला. पेरणीच्या आठवड्यात दुकानदारानं गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी कशाला सांगू!

पुढच्या सोमवारी दुकान पुतण्यावर सोडून तो मला मोटरसायकलवर बसवून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मनोविकार कक्षासमोर रांग होती, आणि मी शेजारच्या नाक-कान-घशाच्या पाटीखाली जाऊन उभा राहिलो. गावाकडचं कुणी भेटलं तर कान दुखतो म्हणायचं, असं ठरवून. आमच्या डोक्यात अजून नागपूरचं मनोरुग्णालयच असतं. एकदा त्या दारातून आत गेलं की नागपूरला धाडतील, कोंडून ठेवतील, शॉक देतील, आणि पोराच्या सोयरिकीत हे निघेल. खरं काय झालं तर केसपेपर काढला, नंबर आला, आत माझ्या लेकीच्या वयाची डॉक्टरीण बसली होती. झोप कशी, भूक कशी, कामात मन लागतं का, दारू किती, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, एकेक विचारत गेली. मग त्याच सुरात विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. ती दचकली नाही. लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं, 'कधीपासून? घरी कोणाला माहीत आहे?' थायरॉइडसाठी रक्त तपासलं, एक गोळी रात्रीची दिली, घरच्या माणसाला पुढच्या वेळी सोबत आणा म्हणाली, आणि दुपारी मी घरी परत.

गोळीबद्दल थोडं सांगतो, कारण कितीतरी पुरुष सुरुवातीलाच ती सोडतात. पहिले आठ दिवस मला मळमळलं, तोंड कोरडं पडलं, आणि बरं तर काहीच वाटलं नाही. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, की या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तणनाशक मारून दुसऱ्या दिवशी वावर पिवळं पडलं का बघणारे आपण लोक, आपल्याला एवढा धीर कुठला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहाटे पाचपर्यंत सलग झोपलो. मग हळूहळू भूक आली, मग राग उतरला. या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, तसं काही झालं नाही. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या डॉक्टर मोजक्याच दिवस देतात. मात्र आपल्या मनानं कोणतीच गोळी एकदम तोडायची नसते. माझी डॉक्टरनंच पुढे कमी-कमी करत थांबवली. खर्चाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. तिथवर जायचं एसटीचं भाडं तेवढं लागतं.

इथे तुमच्यातला एक जण हमखास म्हणेल, आणि माझ्या गावातले चार जण म्हणालेच, "कास्तकाराला गोळ्या नकोत, भाव द्या म्हणावं." हे मला मान्य आहे. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत आपण त्याच्या किती खाली विकलं, ते तुमच्या-माझ्या वहीत आहे. मी मोर्च्यात जातो, पुढेही जाईन. मला याचीही धास्ती आहे, की उद्या एखादा पुढारी उठून म्हणेल, कास्तकार मरतो तो डोक्याच्या आजारानं, आमच्या धोरणाचा काय संबंध? असं म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी हेच पत्र फेकीन.

पण मी आजारी होतो त्या वर्षाचं सांगतो. पीक विम्याचा अर्ज भरला नाही. मुदत माहीत होती, मोबाईल हातात होता, उठवत नव्हतं. बँकेनं पुनर्गठनासाठी बोलावलं, गेलो नाही. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा घरात पडून होतो. आजारी माणूस भावासाठी भांडत नाही, तो स्वतःच्या हक्काची सहीसुद्धा करत नाही. कर्ज तेवढंच राहून मी बरा झालो, आणि बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसायचं. भाव सरकारकडे मागायचा आणि झोप डॉक्टरकडे, या दोन्ही रांगांत एकच माणूस उभा राहू शकतो.

आणि हे फक्त माझ्या एकट्याच्या बाबतीत झालं असंही नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. गावपातळीवरचे साधे कार्यकर्ते, थोडं प्रशिक्षण, गरज पडली तर डॉक्टर. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते, दीड वर्षांनी सत्तावीस घेऊ लागले. तेवढ्या काळात कापसाला काही सोन्याचा भाव आला नव्हता. लोकांच्या ओळखीच्या माणसानं विचारलं, एवढाच फरक.

तर तुम्ही ते ओळखीचे माणूस आहात. तुम्हाला डॉक्टर व्हायला मी सांगत नाही. तुम्ही लक्ष ठेवा, विचारा, आणि सोबत जा.

लक्ष कशावर ठेवायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. घासाघीस करणारा गप्प झाला. रोज व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकून 'हा कोणता रोग' विचारणारा महिनाभर दिसला नाही. ज्याच्या तोंडाला कधी वास येत नव्हता तो दुपारी बारालाच पिऊन आला. उलंगवाडी व्हायची आहे, हंगाम मधेच आहे, आणि कुणी येऊन म्हणतो, 'माझा सगळा हिशेब करून ठेवा, पोराला समजावून सांगा.' बैलजोडी विकली आणि कारण सांगत नाही. यातलं एखादं कुणाच्याही बाबतीत होतं, त्यावरून लगेच धावपळ करायला नको. दोन-तीन एकत्र दिसली तर त्याला बसवा, गर्दी ओसरू द्या.

विचारायचं झोपेपासून. 'टेन्शन आहे का' विचारलं तर आमचा माणूस 'कोणाला नाही' म्हणून उडवून लावतो. झोपेबद्दल विचारल्यावर तो खोटं बोलत नाही, कारण झोप न लागण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तिथून पुढचं आपोआप निघतं. बोलण्यातून फारच काळोख जाणवला तर स्पष्ट विचारा, जिवाचं काही वाईट मनात येतं का म्हणून. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घुसतो ही समजूत चुकीची आहे, मनोविकारतज्ज्ञ हेच सांगतात. मला विचारलं तेव्हा तर छातीवरचा दगड उतरला.

आणि कृपा करून काही वाक्यं दुकानाबाहेर ठेवा. 'मर्द गड्यासारखा मर्द गडी, आणि हे काय?' 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक आहेत.' 'पोराबाळांचा विचार कर.' अहो, त्यांचाच विचार करून तो तिथवर आलेला असतो. त्याला वाटत असतं की आपण नसलो तर त्यांचं ओझं कमी होईल. त्यावर प्रवचन देऊ नका. माझ्या दुकानदारासारखं तुमच्याकडे स्वतःचं काही दाखवण्यासारखं असेल तर दाखवा, नसेल तर 'सोमवारी मी येतो सोबत' एवढं म्हणा. पुरुषाला सल्ला दिला की तो ताठ होतो. दुसऱ्या पुरुषानं 'मीही जाऊन आलो' म्हटलं की तो पत्ता विचारतो.

कुणाचं अगदीच बिघडलेलं दिसलं तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका. घरच्या माणसाला फोन करून बोलावून घ्या. तिथेच काउंटरवरून १४४१६ लावा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलतात. जिवाला धोका दिसला तर १०८. पोलीस केसची भीती घालणारे खूप भेटतील. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही. दवाखान्यात नोंद होते, पण माणूस आरोपी होत नाही.

आता अवघड गोष्ट. तुमच्या फळीवर कीटकनाशकं आहेत. तुम्ही ती चोरून विकत नाही, परवान्यानं विकता, आणि मला ती लागतात. तरीही ज्याच्या डोळ्यांत तुम्हाला काही वेगळं दिसतंय, जो पिऊन आलाय, ज्याच्या पिकाला आत्ता फवाऱ्याची गरजच नाही, त्याला 'माल संपला, उद्या गाडी येणार' म्हणायला परवाना आड येत नाही. तो झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ गेला तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं अतिजहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. शेती बुडाली नाही त्यांची. तिथल्या अनुराधापुरा जिल्ह्यात तर तुमच्यासारख्या विक्रेत्यांनाच शिकवून बघितलं, की कुणाला माल द्यायचा नाही हे कसं ओळखायचं आणि गिऱ्हाइकाला न दुखवता कसं टाळायचं. म्हणजे माझी मागणी जगावेगळी नाही.

उधारीबद्दलही बोलायलाच हवं. वसुली करू नका असं मी म्हटलं तर तुम्ही हे पत्र इथेच फाडाल, आणि बरोबरच कराल. पण भरल्या बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत, 'मागचे कधी देता?' हा प्रश्न कितीतरी पुरुषांनी उराशी धरून ठेवलेला मी पाहिला आहे. रक्कम ते विसरतात, कोण-कोण उभं होतं ते विसरत नाहीत. एका दुकानात तर थकबाकीदारांची यादी नावानिशी भिंतीवर लावलेली होती. बाजूला बोलावून, दार लोटून, हवं तेवढं कडक बोला.

राहिले तुम्ही स्वतः. या पत्रात मी तुम्हाला असं लिहितोय जणू आजारी गिऱ्हाईकच असतं आणि काउंटरमागचा माणूस दगडाचा. तसं नाही हे मला माहीत आहे. कंपनीला आगाऊ चेक द्यायचे, युरियासोबत सक्तीनं जोडलेला 'लिंकिंग'चा माल गळ्यात मारून घ्यायचा, तो आमच्या गळ्यात मारताना शिव्या खायच्या, गुणनियंत्रणवाल्यांची धाड, नमुना नापास झाला तर चूक कंपनीची आणि कोर्टाच्या तारखा तुम्हाला. पाऊस लांबला की आमचं पीक जातं आणि तुमची वर्षभराची उधारी जाते. आणि एवढं करून गावात बोलणं काय, तर 'दुकानदार लुटतो'. तुमच्यातले कितीतरी जण बीपीची, शुगरची गोळी सगळ्यांदेखत चहाबरोबर घेतात. तशीच दुसरी गोळी लागत असेल तर तीही घ्या, आणि जमलं तर लपवू नका. काउंटरवर ठेवलेल्या एका पट्टीनं काय होतं ते मी पाहिलं आहे. ज्याला अजून लागत नाही पण रात्री तीनला डोळे उघडे असतात, त्यानं गिऱ्हाइकाला विचारण्याआधी स्वतः तो १४४१६ लावून बघावा. नाव सांगायचं नसेल तर आधी नुसतं ऐकून घ्या म्हणावं.

शेवटी संघटनांकडे. माफदा ही तुमची राज्य संघटना आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या विक्रेता संघटना परवान्याच्या अटींवरून एका दिवसात दुकानं बंद ठेवू शकतात, ही ताकद आहे तुमची. तुमच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा एक वर्षाचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम आहे, २००३ पासून. ४८ आठवडे, त्यात ४० वर्ग आणि ८ शेतभेटी. माती, खतं, किडी, कायदे, सगळं शिकवतात. त्या चाळीस वर्गांतला एक वर्ग जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाला द्या, अशी लेखी मागणी करा. मनोविकार कक्ष कोणत्या वारी, कोणत्या खोलीत, सकाळी किती वाजेपर्यंत केसपेपर निघतो, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दुकानात जिथे खताचा साठा आणि दराचा फलक लावता, त्याच्या शेजारी तो कागद लावा. आमचे पुरुष दवाखान्याच्या भिंतीवरचं काही वाचत नाहीत, पण तुमच्या दुकानातला तो फलक रोज वाचतात.

पुढची 'देसी'ची तुकडी सुरू व्हायच्या आत ही मागणी गेली तर बरं. मसुदा लिहून हवा असेल तर मी लिहून देतो, बाजाराच्या दिवशी मी तालुक्याला असतोच.

कळावे,
आपल्या वहीतला एक खातेदार